काच हातात असताना

“बाई, जरा बाजूला व्हा, काच येतेय,” तो म्हणाला, आणि ती खरंच बाजूला झाली. भिंतीला पाठ लावून, पोट आत ओढून उभी राहिली. अंगाची सवय ती, डोक्याला विचारून थोडीच होते. काच येतेय म्हटलं की माणसानं आधी बाजूला व्हायचं आणि मग कुणाची कसली काच ते बघायचं, हे दोघांनी मिळून जन्मभर इतक्या लोकांना सांगितलं होतं की झोपेत कुणी तसं म्हटलं असतं तरी ती कुशीवर वळली असती. मग तिनं पाहिलं. इस्पितळाच्या खाटेवर तिचा नवरा बसला होता. मोडलेल्या खुब्यावर पट्ट्या, मनगटात सुई, आणि दोन्ही हात पुढे धरलेले, एक खाली, तळवा वर करून, दुसरा वर, बोटं पसरून. हातांत काहीच नव्हतं. काहीच नव्हतं, आणि तरी दंडाच्या शिरा तटतटून फुगल्या होत्या. हे पाहून झाल्यावर मग दुसरी गोष्ट तिच्यापर्यंत पोचली, ती म्हणजे ‘बाई’. त्यानं तिला ‘अगं’ म्हटलं होतं, ‘ऐकतेस का’ म्हटलं होतं, रागात ‘महाराणी’ म्हटलं होतं. रस्त्यातल्या परक्या बाईला बाजूला करताना जो अदबीचा, जरा घाईतला आवाज तो काढायचा, तो तिच्या वाट्याला कधी आला नव्हता.

दोघांचं काचेचं दुकान होतं. आरसे, तावदानं, तसबिरींच्या चौकटी. तो हिरकणीनं काच कापायचा, ती कडा घासायची, आणि मोठी काच असली की दोघं मिळून पोचवायला जायचे. तो पुढे, ती मागे, मध्ये उभी काच. यात एक शिस्त होती. बोलायचं ते पुढच्यानं, आणि तेही मोजके शब्द: पायरी, वळण, थांब. मागच्यानं एक अक्षर काढायचं नाही. मागून आवाज आला की पुढचा दचकतो, आणि दचकला की काच गेली. मागची गप्प आहे याचा अर्थ सगळं ठीक आहे. लग्न होऊन आली तेव्हा ती मोठी बडबडी होती. पहिल्याच खेपेला एका जिन्यावर “अहो, जाळं लागलं तोंडाला” म्हणाली आणि दुकानाच्या दाराएवढा आरसा पायऱ्या पायऱ्यांनी खाली गेला. तो रागावला नाही. नुसता म्हणाला, “जाळ्याला नंतर शिव्या द्यायच्या. काच हातात असताना बोलायचं नाही.” तेव्हापासून ती त्याच्या मानेकडे बघून चालायला शिकली. मान ताठ झाली की पुढे गर्दी. कान हलला की कुणीतरी मधे घुसणार. त्याच्या मानेची मागची बाजू तिला त्याच्या तोंडापेक्षा जास्त पाठ होती. कितीतरी घरांत ती अशी शिरली होती, बिनबोलता, काचेच्या मागून, आणि लोकांना वाटायचं की काचवाल्याची बायको मुकी आहे.

दुकान बंद करून काही वर्षं झाली होती. कारण उघड होतं, पण त्यावर बोलायचं नाही असं दोघांचं न बोलता ठरलेलं. तो एकाच खिडकीचं माप परत परत घ्यायला लागला होता. मापं चुकली म्हणून काच चुकली, काच चुकली म्हणून तो चौकटीवर चिडला. पुढे दुकान कुठल्या गल्लीत तेच सापडेना. “म्हातारपण,” ती लेकीला म्हणायची. “सगळ्यांनाच होतं.” लेक विमा कचेरीत कामाला होती, रोज लोकांच्या अपघातांचे कागद वाचणारी, तिला असल्या उत्तरांनी फसवणं कठीण. मग न्हाणीघरात तो घसरला, खुबा मोडला, शस्त्रक्रिया झाली, ती अगदी उत्तम झाली असं सर्जन सांगून गेला. आणि शुद्धीवर आला तो हा, हातांत नसलेली काच धरून.

पहिले काही दिवस त्यानं वॉर्ड डोक्यावर घेतला. सुई उपटली. पलीकडच्या खाटेवरच्या निवृत्त मास्तरांना “चौकट वाकडी बसवलीत” म्हणून फैलावर घेतलं. मास्तर बिचारे म्हणाले, “बसवली असेल बुवा, आता माफ करा.” त्याला पांघरुणावर काचा दिसायच्या. “झाडू आणा! पोर अनवाणी आहे, पायात जाईल!” तो ओरडायचा आणि खाटेच्या कठड्यावरून उतरायला बघायचा. त्याची ती पोर, केस पांढरे झालेली, पायांत चांगले जाड बूट घातलेली, खाटेशी उभी राहून म्हणायची, “बाबा, मी इथेच आहे. मला काही लागलं नाही.” तो तिच्याकडे बघायचाही नाही. तो तिच्या गुडघ्याच्या उंचीवर कुठेतरी बघायचा, जिथे एके काळी तिचं डोकं होतं. म्हाताऱ्या बायकोनं ते पाहिलं आणि तिच्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे फक्त. त्या जागेवर, हवेत, इतक्या वर्षांपूर्वीची पोर खरोखरच उभी होती, आणि तिला बघू शकणारा जगात एकच माणूस उरला होता.

मग तो गप्प झाला. एका सकाळी ती आली तर तो उशीला टेकून छताकडे बघत होता, हात छातीशी, बोटं अर्धी मिटलेली. सिस्टर म्हणाली, “आजोबा आज शहाण्यासारखे वागतायत हो.” म्हातारीनं मोठा श्वास सोडला. तिला वाटलं, मिळाला तोल. घेतली काच नीट हातात. वादळ गेलं, आता नुसतं चालत राहायचं. ती खाटेच्या मागच्या अंगाला, त्याच्या डोक्याशी, स्टूल घेऊन बसली आणि गप्प राहिली. त्या दिवशी गप्प, दुसऱ्या दिवशी गप्प, तिसऱ्या दिवशीही. लेक संध्याकाळी कचेरीतून आली की ती ओठांवर बोट ठेवायची. मास्तरांनी काही विचारलं तर खुणेनं ‘नंतर’ म्हणायची. त्याच्या पुढ्यातलं पाणी तसंच राहिलं, दूध साय धरून राहिलं. “हात रिकामे झाले की घेतील,” ती लेकीच्या कानात म्हणाली. तिनं पांघरूण सारखं केलं, कुणाचा पाय खाटेला लागू दिला नाही, खिडकीचा पडदा ओढून घेतला. इतकी चोख सोबत तिनं आयुष्यात कुणाला केली नव्हती. आणि त्याच्या मानेकडे बघत असताना तिला मधूनच वाटायचं, ही मान काही सांगत नाहीये. मग ती स्वतःलाच दटावायची, की अगं, सरळ रस्ता असला की मान काय सांगणार?

डॉक्टरीणबाई तरुण होती, चपला वाजवत चालणारी. तिनं त्याची पापणी वर केली, जीभ बघितली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती कातडी तशीच उभी राहिली. “हे असे कधीपासून?”

“झाले की दोन-तीन दिवस,” म्हातारी कुजबुजली. “हळू बोला ना. आता कुठे शांत झालेत.”

“आजी, ही शांतता बरी नाही.” तिनं पडदा सरकन बाजूला केला. “भ्रम होऊन माणूस बरळायला लागला की वात झालाय म्हणायचे ना पूर्वी, ते हेच. आरडाओरडा करणारा सगळ्यांना दिसतो, म्हणून त्याच्याकडे सगळे धावतात. असा गप्प पडलेला कुणालाच दिसत नाही. पण हाच जास्त लांब गेलेला असतो. यांच्या पोटात पाणी नाही, कानात आवाज नाही, डोळ्यांवर चष्मा नाही. यांनी परत यायचं तरी कशाला धरून?” मग म्हातारीचा चेहरा बघून ती जरा थांबली. “तुमच्यावर नाही ओरडत. आम्हीपण बघायला हवं होतं. आता एक करा. बोला त्यांच्याशी. तुम्ही कोण, ते कुठे आहेत, बाहेर काय चाललंय. सतत.”

“काय बोलू?”

“काहीही. आजोबांवर काही राग-बिग असेल ना जुना?”

“तो तर ढीगभर आहे,” म्हातारी म्हणाली.

“मग झालं की. काढा.”

लेकीनं डॉक्टरीणबाईला दाराशी गाठलं आणि म्हातारीही मागोमाग गेली, कारण आपल्या नवऱ्याबद्दल आपल्या पाठीमागे बोललेलं तिला चालत नसे. डॉक्टरीणबाईनं काही लपवलं नाही. आधीच विसर पडायला लागलेला, त्यात हा वात. असं दुहेरी झालं की पुष्कळजण पहिल्या जागी परत येत नाहीत. थोडे येतात. काही अर्ध्या वाटेवर थांबतात आणि तिथेच राहतात. काही वर्षाच्या आत जातात. बरेचसे घरी परतत नाहीत, घरच्यांना झेपत नाही. “तुमचे यांतले कोणते, ते मला आज सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही.” लेकीनं मग चाचरत सांगितलं की तिनं एक शुश्रूषागृह बघून ठेवलंय, चांगलं आहे, माणसं प्रेमळ आहेत. “आई, तुझ्या एकटीच्यानं त्यांना उचलणं होणार आहे का? तूच पडशील, मग मी दोन खाटांमध्ये धावू?” म्हातारीनं डॉक्टरीणबाईला विचारलं, “काय केलं म्हणजे घरी सोडाल?” ती विचार करून म्हणाली, “एका माणसाच्या मदतीनं खाटेपासून दारापर्यंत चालले, तर या आठवड्याच्या शेवटी बघू. नाहीतर ताई म्हणतात तेच बरं.” म्हातारीनं खाटेपासून दारापर्यंतची फरशी बघितली. याहून लांब तर त्यांच्या दुकानाचा ओटा होता.

तर ती बोलू लागली. त्याचे हात तसेच छातीशी होते आणि प्रत्येक शब्दाला तिला वाटायचं, आता गेली, आता फुटली. मग जाळ्यापासून सुरुवात केली. “त्या जिन्यात जाळं होतं. खरंच होतं. एवढं मोठं. तुम्ही मागे वळून बघितलंसुद्धा नाहीत.” मग जे जे काचेच्या मागे गिळलं होतं ते वर यायला लागलं, आणि ते इतकं निघालं की तिची तिलाच गंमत वाटली. कुठल्या घरात कुत्रं तिच्या पिंढरीला हुंगत होतं, कुठल्या घरात नवरा-बायको त्यांच्यादेखत भांडत होते आणि तिला मधे पडून सांगायचं होतं की चूक बाईची आहे. लेक पोटात असताना कळ आली होती आणि तीन मजले ती तोंडातून श्वाससुद्धा न काढता चढली होती. मास्तर पलीकडून सगळं ऐकायचे. “मग काय झालं हो?” विचारायचे. बोलता बोलता ती त्याला चमच्यानं पाणी पाजायची, चष्मा पुसून नाकावर ठेवायची. एका दुपारी ती भांडणाऱ्या जोडप्याची गोष्ट तिसऱ्यांदा सांगत असताना तो छतावरचे डोळे न काढता म्हणाला, “चूक त्याचीच होती.” कोरड्या, गंजलेल्या आवाजात. तिच्या हातातला चमचा तसाच राहिला. कुठून आला तो आवाज? ती त्याच्या कपाळाकडे बघत राहिली. जुन्या मातीच्या भांड्यासारखं ते कपाळ, एक वीतसुद्धा रुंद नसेल, आणि त्याच्या आत इतका लांबचा रस्ता! एखाद्याला त्या रस्त्यानं जायला दिवसचे दिवस लागावेत, आणि तिथे, त्या टोकाला पोचूनही, तो आपल्याशी वाद घालायला तयार असावा.

पण तो चालेना. व्यायाम करून घेणारा पोरगेला माणूस रोज यायचा, त्याला काखेत धरून उभं करायचा. उभा तो राहायचा. पाऊल उचलायचा नाही. “आजोबा, उजवा पाय पुढे. बघा, मी कसा टाकतो. शाब्बास, टाका.” तो त्या माणसाकडे असा बघायचा की जणू हा भर रस्त्यात नाचतोय. लेक खिडकीशी उभी राहून दुसरीकडे बघायची. आठवडा सरत आला. त्या शेवटच्या सकाळी तो असाच उभा होता, आणि म्हातारीला एकदम दिसलं, इतके दिवस समोर असून न दिसलेलं. त्याचे हात. एक खाली, एक वर. तो अडून बसलेला नव्हताच. काच उचलून तो केव्हाचा तयार उभा होता, आणि दुसरं टोक धरायला कुणी आलं नव्हतं. मोठी काच एकट्यानं कोण चालवणार? ती उठली. त्या माणसाला म्हणाली, “तुम्ही फक्त मागून कमरेला हात ठेवा, बाळ. बोलू नका.” मग ती नवऱ्याच्या पुढे जाऊन, त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. या जागी ती कधीच उभी राहिली नव्हती. पुढे मोकळी फरशी दिसत होती, तिची तिला भीती वाटली. तिनं एक हात मागे खाली नेला, एक वर, आणि बोटं मिटली. “चला,” ती म्हणाली. मागे काही झालं नाही. मग चपलेचा एक घासल्यासारखा आवाज आला. मग दुसरा.

तिला मागे वळून बघायचं होतं. बघितलं नाही. पुढच्यानं बघायचं नसतं. तिच्या मनगटांत भार आला होता, खरा, ओळखीचा, जाड काचेचा, खालच्या बोटांत गारवासुद्धा, आणि तिला क्षणभर कळेना की डॉक्टरीणबाईनं आता आपलीही जीभ तपासायला हवी की काय. समोरून चहाची गाडी ढकलत वॉर्डातली मावशी आली, तिच्या तोंडाचा पट्टा नेहमीप्रमाणे सुरू. “काय हो, ही कसली मिरवणूक सकाळी सकाळी? वाट सोडा की माझी.”

“काच आहे,” म्हातारी म्हणाली.

मावशीनं एकदा तिच्या हातांकडे पाहिलं, एकदा त्याच्या. मग गाडी खाटेला चिकटवली आणि स्वतः भिंतीला सपाट झाली. “मग आधी सांगायचं ना,” ती हळू आवाजात म्हणाली. “केवढी मोठी आहे!” वॉर्ड चिडीचूप झाला. मास्तरांनी बाहेर आलेले पाय खाटेवर घेतले. घासल्यासारखी पावलं मागून येत राहिली. दाराशी लाकडाची पट्टी होती. “उंबरा,” ती म्हणाली, आणि मागे तो थांबला, पाय उचलून पलीकडे टाकल्याचं तिला फरशीतून कळलं. पलीकडच्या भिंतीशी ती वळली. “टेकवा.” त्यानं खालची कड आधी ठेवली, मग वरचा हात भिंतीपर्यंत नेला, काच स्थिर झाली याची खात्री होईपर्यंत बोटं तिथेच ठेवली, मग सोडली. हात पायजम्याला पुसले. घामानं डबडबलेला चेहरा वर करून तिच्याकडे बघून म्हणाला, “जड होती.”

“होती,” ती म्हणाली. लेक दारात उभी राहून रडत होती, आणि व्यायामवाल्याचा हात अजून त्याच्या कमरेवर होता, पण तो माणूस बोलायचं विसरून गेला होता.

तर तो घरी आला. पण डॉक्टरीणबाई खोटं बोलली नव्हती. हिवाळ्यात जिना गेला, म्हणजे जिना जागच्या जागी होता, याच्या पायांतून गेला. मग चमचा गेला. कपड्यांची बटणं गेली. लेकीचं नाव काही दिवस येऊन-जाऊन होतं, मग तेही आलं नाही. काच धरायची ती रीतही एका सकाळी विसरला. तिनं पुढे होऊन “चला” म्हटलं तर कोरा बघत राहिला, मग तिनं त्याला बगलेत धरून चालवलं, आणि नंतर तेही थांबलं. दुपारी शेजारची एक बाई हाताखाली यायची, रविवारी लेक. म्हातारीची कंबर गेली, झोप गेली, एकदा दोघंही मोरीत बसकण मारून हसत बसली कारण उठता कुणालाच येईना. ‘बाई’ मात्र टिकलं. “बाई, आपण जेवलात का?” तो विचारायचा, स्वतःच्या हनुवटीवरून भात ओघळत असताना. लग्नानंतर इतका मान कधी मिळाला नव्हता, असं ती लेकीला सांगायची. लेक हसायची नाही. एका रविवारी भांडी विसळता विसळता लेक म्हणाली, “आई, खरं सांगू? आपण घरी आणलं, पण बाबा परत आलेच नाहीत गं. तू कुणा भलत्याच माणसासाठी जीव काढतेयस.” लेकीचं चुकलं असं म्हणता येईना. ते वाक्य म्हातारीजवळच राहिलं, उशीखाली दडलेल्या खड्यासारखं. कूस बदलली की टोचायचं. खुर्चीतल्या त्या माणसाकडे ती कधी कधी अशी बघायची की हा कोण आहे, आणि मी याला कुठून आणलं?

मग एक दुपार. ती दूध तापवायला चालली होती. तो खिडकीशी खुर्चीत होता, कितीतरी दिवस धड वाक्य बोलला नव्हता. “बाई,” त्यानं हाक मारली, “हे काय आहे?” त्यानं भिंतीकडे बोट केलं होतं.

तिनं बघितलं. भिंत. “कुठे काय?”

“हे. हे पिवळं.”

“ऊन आहे हो ते.”

“कुठून आलं?”

“खिडकीतून. कलतं झालं की येतं.”

मग जरा पुढे वाकून, कुणी ऐकू नये अशा आवाजात त्यानं विचारलं, “रोज येतं?”

“रोज.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तोंड उघडं, डोळ्यांत पाणी, आणि वर थोडीशी तक्रार, एवढी मोठी गोष्ट घरात होते आणि इथली माणसं दूध तापवतात याची. “आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाही?”

तिनं पातेलं खाली ठेवलं. या घरात तिचा जन्म गेला होता. भिंतीवर सोनेरी रंगाचा एक मोठा तुकडा होता, कडा किंचित हलणाऱ्या, आणि तो सरकत होता; बघत बसलं तर सरकताना दिसत होता. त्यात भिंतीचे पोपडे, एक खिळा, खिळ्याची लांबच लांब सावली. सूर्यापासूनचा एवढा अंधार पार करून तो तुकडा इथे कुणाच्यातरी भिंतीवर येऊन टेकत होता, रोज, बिनबोभाट. ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. “नाही सांगितलं,” ती म्हणाली. “राहूनच गेलं.”

“सांगा मग,” तो म्हणाला.

तिनं हात लांबवून फोन घेतला आणि लेकीच्या कचेरीत लावला. “काय झालं?” लेक घाबरून म्हणाली. “बाबा पडले का?”

“नाही गं. भिंतीवर ऊन आलंय.”

“काय?”

“ऊन. तुझ्या बाबांनी सांगायला सांगितलंय.”

पलीकडे कुणीतरी टाइप करत होतं, कुणीतरी कुणाला हाक मारत होतं. मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

“थांब हं,” लेक म्हणाली. “इथल्या भिंतीवर आलंय का, बघते.”